कॉर्सेअर सीएक्स ५५०: नव्या ग्राफिक कार्डाला हा एसएमपीएस पुरतो का?

सांगली-मिरजेतल्या बऱ्याच असेंबल पीसींत कॅबिनेटसोबत आलेलाच एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, असतो. त्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ छापलेलं असतं आणि नवं कार्ड घेताना तेवढाच आकडा पाहिला जातो. पाहायला हवं ते त्याखालचं बारीक कोष्टक. कॅबिनेटचं झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चने ते वाचा. +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे फक्त २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघांचाही भार याच लाइनवर पडतो. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात, आजच्या पीसीला ते फारसे लागत नाहीत. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर अँपिअरची सरळ बेरीज करू नका, खाली दिलेली एकत्रित वॅटची मर्यादाच धरा.

सीएक्स ५५० घ्यावा तो याचसाठी. याचे जवळजवळ सगळे ५५० वॅट १२ व्होल्टच्या एकाच लाइनवर मिळतात. ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) आहे, वॉरंटी ५ वर्षांची आहे.

आता हिशेब. आय५-१२४००एफ प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ३०६० कार्डाचे १७० वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. झाले ३३७. त्यावर दोनशेच्या वर वॅट शिल्लक राहतात आणि ते राहायलाच हवेत, कारण गेम चालू असताना कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या ठरलेल्या आकड्याच्या बरंच वर उसळी घेतं. हलका एसएमपीएस नेमका त्या क्षणी बंद पडतो. रायझन ५ ५६०० (७६ वॅट) आणि आरटीएक्स ४०६० (११५ वॅट) ही जोडी तर २५० च्या आतच राहते. आरटीएक्स ४०७० घ्यायचं असेल तर मात्र हा घेऊ नका. कार्ड २०० वॅटचं आहे आणि एनव्हिडिया स्वतः त्यासाठी ६५० वॅटचा एसएमपीएस सांगते.

वॅटपेक्षा जास्त नुकसान कनेक्टरच्या घोळाने होतं. ३०६० च्या बहुतेक मॉडेलना एक ८ पिन लागते. जुन्या एसएमपीएसला ती नसते, मग दुकानात साटा (हार्ड डिस्कला वीज देणारा कनेक्टर) ते ८ पिन असा अॅडॉप्टर हातात ठेवला जातो. तो अजिबात लावू नका. साटा कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे त्याची ताकद ५४ वॅट. ८ पिन कनेक्टरवरून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. आधी प्लास्टिक पिवळट पडतं, मग पिना चिकटतात, शेवटी वितळतं. सीएक्स ५५० वर कार्डासाठीच्या ६+२ पिना एसएमपीएसमधूनच निघतात, त्यामुळे अॅडॉप्टरची गरजच पडत नाही. त्याची ४+४ पिनांची केबल मात्र प्रोसेसरची आहे. दोन्ही आठच पिनांच्या दिसतात, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. जोर लावून घुसवली तर शॉर्ट होतं. सहा आणि दोन असे तुकडे होतात ती कार्डाची, चार-चार होतात ती प्रोसेसरची.

याची उणी बाजू म्हणजे केबल सुट्या होत नाहीत. छोट्या कॅबिनेटमध्ये नको असलेल्या वायरींचा गुंडाळा समोरच्या पंख्याआड येतो. तो मागच्या बाजूला नीट बांधून घ्या. आपल्याकडे गाळप हंगामात पाचट पेटवलं की काजळी थेट घरात येते, आणि एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाशी असेल तर त्याची जाळी महिनाभरात काळी पडते. जाळी काढून ब्रशने साफ करत राहा, नाहीतर एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखा सतत जोरात फिरेल. एसएमपीएस उघडून साफ करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

बसवल्यावर तपासणी करा. फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारं) एकत्र २० मिनिटं चालवा. मल्टिमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या चार पिनांच्या जुन्या कनेक्टरच्या) पिवळ्या आणि काळ्या वायरवर व्होल्टेज पाहा. ११.४ ते १२.६ च्या मध्ये असायला हवं. भार येताच ते ११.४ च्या खाली घसरलं, तर दोष कार्डात शोधू नका.

लाइट गेल्यावर पीसी बंद पडतो म्हणून एसएमपीएस परत करायला निघाला असाल, तर आधी यूपीएसचं लेबल वाचा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा. ३३७ वॅटच्या पीसीला मॉनिटरचे २५-३० जोडले की तो बीप करून मान टाकतो. गेम चालू असताना लाइट जात असेल तर १००० व्हीएच्या आसपासचा यूपीएस लागेल. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर या एसएमपीएसमधून गुणगुण ऐकू येऊ शकते किंवा तो बंदही पडू शकतो. त्यावर पीसी चालवायचा तर साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा.