गाडीच्या पेंटसाठी टॉवेल आणि मिट: काय घ्यावं, काय लांब ठेवावं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. रंग मारून, पॉलिश करून दिलेली काळी गाडी काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी परत येते, बॉनेटवर ट्यूबलाइट धरतो आणि जीव तुटतो. उजेडाभोवती गोल गोल चऱ्यांचं जाळं झालेलं असतं. चरे खरं तर सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे जाणारे तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल दिसतात. रस्त्यावरचा खडा उडून लागला तर रंगाचा टवका जातो. हे जाळं मात्र धुताना आणि पुसताना पडतं.

परवा एक कॉलेजचा पोरगा गाडी घेऊन आला. म्हणाला, "काका, मी तर रोज सकाळी पुसतोय, मग एवढं चरे कुठनं आलं?" मी म्हटलं, "बाळा, फडकं दाखव." डिकीतनं पिवळं फडकं काढलं. झटकलं तर उन्हात धूळ उडाली. तीच धूळ तो रोज बॉनेटवर घासत होता.

आपल्याकडची धूळ साधी नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत मोल्डिंगला सिलिका वाळू वापरतात, तिथं दिवसभर लावलेल्या गाडीवर काय बसत असेल ते बघा. गळीत हंगामात पाचट पेटवलं की काळी राख उडत येते. ती बोटाला मऊ लागते, लोक कोरडंच फडकं मारून मोकळे होतात. पण उसाच्या पानात सिलिका असते आणि जळल्यावर ती राखेतच उरते. जोतिबाला जाऊन आलेल्या गाडीवर गुलाल, पट्टणकोडोलीहून आलेल्या गाडीवर भंडारा. देवाचा प्रसाद आहे, मान्य, पण कोरडा पुसू नका. आधी पाण्याच्या फवाऱ्यानं उतरवा.

पेंटचे सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५०. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे चकाकी ज्या थरावर आहे तो केसापेक्षा पातळ. चरे काढायला मी कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मारतो तेव्हा तो थरच थोडा झिजवतो. झिजलेला क्लिअर कोट परत वाढत नाही. म्हणून शॅम्पू आणि वॅक्सवर खर्च करायच्या आधी फडक्यावर करा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

आता माल. वेगवेगळ्या दुकानांतून आणि ऑनलाइन मागवून बरेच टॉवेल आणि मिट, म्हणजे गाडी धुवायला हातात घालायचे मोजे, मी वापरून बघितले. ब्रँडची नावं लिहीत नाही, कारण सारखाच दिसणारा माल वेगवेगळ्या पाकिटांत मिळतो. माल कसा ओळखायचा ते सांगतो.

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन, यांचा धागा. प्रमाण बहुतेक ८०/२० किंवा ७०/३०. हा धागा एक डेनिअरपेक्षा बारीक असतो. म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. चांगल्या मालात तो धागा पुढं चिरलेला असतो, त्या चिरांत पाणी आणि बारीक धूळ शिरून बसते. चिरलेला नसेल तर टॉवेल पाणी नुसतं पुढं ढकलतो. ओळखायची खूण सोपी आहे. कोरड्या हातावरनं फिरवला की चांगला टॉवेल कातडीला किंचित अडकतो. गुळगुळीत सरकला तर काउंटरवर दोन थेंब पाणी सांडून पुसून बघा. पाणी मागं राहिलं तर तो टॉवेल टायरसाठी.

जीएसएमचा आकडा मात्र फार मिरवला जातो. एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम, एवढाच त्याचा अर्थ. ४० बाय ४० सेंटिमीटरचा ५०० जीएसएमचा टॉवेल ८० ग्रॅम भरायला हवा. घरात स्वयंपाकाचा काटा असेल तर वजन करा. पाकिटावर ठळक ८०० छापलेला एक टॉवेल मी काट्यावर ठेवला, ७२ ग्रॅम भरला. म्हणजे ४५०. टॉवेल वाईट नव्हता, पण पैसे ८०० चे घेतले होते. असं करणाऱ्याकडनं मी परत माल घेत नाही.

आकड्यापेक्षा मी काठाकडं जास्त बघतो. टॉवेलची लव कितीही मऊ असली तरी कडेला ओव्हरलॉकची शिलाई असेल तर तो दोरा आणि त्याच्या गाठी रंगावर घासतात. कोपऱ्यात शिवलेलं लेबल त्याहून वाईट. गॅरेजमध्ये भंगारातला एक काळा दरवाजा ठेवलाय. त्याला क्लिअर मारून, पॉलिश करून, मधोमध टेप लावली. एका बाजूला टॉवेलचा मधला भाग फिरवला, दुसऱ्या बाजूला त्याच टॉवेलचा शिवलेला काठ, तेवढाच दाब देऊन. टेप काढून टॉर्च तिरका धरला. मधल्या भागाची बाजू स्वच्छ होती. काठाच्या बाजूला एकाला एक लागून केसासारख्या रेषा, आणि लेबल जिथं वळलं तिथं एक खोल रेघ, नखाला जाणवेल अशी. टॉवेल एकच, धुतलेला, धुळीचा कण नसलेला. हे डोळ्यांनी बघितल्यापासून गाडीच्या अंगावर मी एजलेसच, म्हणजे काठाला शिलाई नसलेला, टॉवेल वापरतो. एजलेसमध्येसुद्धा कापताना कड वितळून कडक झालेली असू शकते. ती ओठावरनं फिरवून बघा. ओठाला टोचली तर रंगालाही टोचणार.

माझी पसंती: पुसायला आणि वॅक्स काढायला ३५० ते ५०० जीएसएमचा, एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब लव असलेला एजलेस. मला नग दीडशेच्या आसपास पडला. तेवढ्यात काम होतं, त्याहून महाग घेऊन मला वेगळं काही दिसलं नाही. गांधीनगरच्या होलसेल बाजारातनं आणलेला डझनाचा गठ्ठाही आहे. काठ शिवलेला, लव आखूड. तो काचेला, दरवाज्यांच्या आतल्या कडांना आणि इंजिन बेला ठेवलाय, आणि त्या कामाला चांगला आहे.

वाळवायला ट्विस्टेड लूपचा मोठा टॉवेल घ्या. पिळाचे फास असलेला हा टॉवेल पाणी असं ओढतो की पिळावं लागत नाही. बॉनेटवर अंथरायचा, दोन कोपरे धरून सावकाश ओढायचा, दाबायचं नाही. ६० बाय ९० चा मोठी गाडी एका दमात वाळवतो, पण ओला झाला की जड होतो आणि त्याचा कोपरा नकळत जमिनीला टेकतो. जमिनीला लागलेला टॉवेल त्या दिवशी परत रंगावर येत नाही, माझ्या गॅरेजमध्ये हा नियम आहे. छोट्या गाडीला ४० बाय ६० घ्या, सांभाळायला सोपा. जुन्या वळणाचे लोक शॅमी लेदरची शिफारस करतात. मी करत नाही. त्याला लव नसते, राहिलेला एखादा कण आत जायला जागाच नाही, तो चामड्याखाली रंगावर फरफटत जातो. सपाट स्पंजचंही तेच.

मिटचं काम याच कारणासाठी महत्त्वाचं. वाळूचा कण रंगापासून सुटून वर धाग्यांत खोल गेला पाहिजे आणि बादलीत बुडवल्यावर तिथनं निघाला पाहिजे. शेनीलचा, म्हणजे जाड बोटाबोटांचा मिट हे बऱ्यापैकी करतो. मला अडीचशेच्या आसपास पडला. शॅम्पूचं पाणी भरपूर धरतो, मशीनमध्ये धुता येतो. घेताना एक-दोन बोटं ओढून बघा, सैल असतील तर आठवड्यात गळायला लागतात. मनगटाची शिलाई आतल्या बाजूला आहे का तेही बघा.

लॅम्ब्सवूलचा, म्हणजे कातड्यासकट मेंढीच्या लोकरीचा मिट रंगावर सगळ्यात हळुवार. धागे लांब, कण लगेच सोडतो, काळ्या गाडीला मी तोच घेतो. पण किंमत शेनीलच्या तिप्पट-चौपट, केस गळतात आणि कडक उन्हात वाळवला तर कातडं आखडून वाळक्या चामड्यासारखं होतं. आणि लोकर म्हणून घरातल्या जुन्या घोंगडीचा तुकडा वापरायचा विचार कुणी करू नये. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर पावसात उत्तम, पण ती भरड असते.

दोन बादल्या हव्यातच. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, तळाला जाळी. मिट प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात झटकायचा. वरनं खाली, सरळ रेषेत. चाकांना आणि खालच्या पट्ट्याला वेगळा मिट, वेगळ्या रंगाचा, म्हणजे गोंधळ होत नाही. कितीतरी वॉशिंग सेंटरवर रिम पुसलेलं फडकंच बॉनेटवर जातं. तिथं गाडी देत असाल तर आपला टॉवेल बरोबर न्या आणि उभं राहून बघा. बोअरचं पाणी जड असेल तर उन्हात धुऊ नका, पाण्याचे पांढरे डाग वाळून बसतात.

टॉवेल धुताना सॉफ्टनर नको, तो धाग्यांच्या चिरा बुजवतो. ब्लीच नको, ४० अंशांपेक्षा गरम पाणी नको. सुती कपड्यांबरोबर टाकले तर त्यांचा भुसका लवेत अडकतो. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात टॉवेल वाळतच नाहीत, कुबट वास मारतात. त्या दिवसांत मोठा टॉवेल बंद करून दोन-तीन छोटे वापरा आणि रात्री पंख्याखाली पसरा.

बुलेटवाल्यांसाठी एवढंच. टाकीवर मिट नीट बसत नाही. शेनीलचा हातमोजा मिळतो, पाच बोटांचा, तो टाकीच्या वळणात आणि बॅजच्या मागं जातो. क्रोमला आणि टाकीला एकच मोजा वापरू नका, सायलेन्सरजवळची काजळी टाकीवर यायला वेळ लागत नाही.