आश्चर्याचे इंग्रजी शब्द आणि लॉंगमनचा ऑनलाइन कोश

‘अमेझ्ड’, ‘अस्टॉनिश्ट’, ‘स्टन्ड’, ‘स्टार्टल्ड’, ‘टेकन अबॅक’. हे पाच शब्द साध्या इंग्रजी-मराठी कोशात बघा, बहुतेकांसमोर ‘आश्चर्यचकित’ किंवा ‘चकित’च लिहिलेलं सापडेल. अर्थ कळल्यासारखा वाटतो, पण वाक्य लिहायला बसलं की यातला कोणता कुठे घालायचा तेच उमगत नाही. या कामासाठी लॉंगमनचा समकालीन इंग्रजीचा कोश उत्तम आहे. तो पहिल्यांदा १९७८ साली छापला गेला आणि आता संकेतस्थळावर फुकट बघता येतो. त्यातल्या व्याख्या सुमारे २००० नेहमीच्या शब्दांत लिहिलेल्या असतात, त्यामुळे एका शब्दाचा अर्थ बघताना आणखी तीन शब्द शोधावे लागत नाहीत. दहावी-बारावीच्या मुलांना हा फार मोठा आधार आहे.

शोधाची सुरुवात अवघड शब्दापासून करू नका. ‘सरप्राइझ्ड’ टाका आणि नोंदीत खाली ‘थिसॉरस’ नावाची चौकट बघा. जवळच्या अर्थाचे शब्द तिथे एकाखाली एक दिलेले आहेत आणि प्रत्येकाचा वेगळेपणा एका ओळीत सांगितलेला आहे. तो मराठीत उतरवून वहीत लिहिला तर पक्का बसतो. ‘स्टार्टल्ड’ म्हणजे दचकणं, कारण त्यात अचानकपणा आणि थोडी भीतीही आहे. ‘स्टन्ड’ म्हणजे सुन्न होणं, क्षणभर काही सुचतच नाही. ‘डम्फाउंडिड’ म्हणजे अवाक्. ‘अमेझ्ड’ आणि ‘अस्टॉनिश्ट’ दोन्ही ‘थक्क’च्या जवळचे. ‘फ्लॅबरगास्टिड’ला मराठीत ‘चाट पडणं’ छान बसतं, शिवाय दोन्ही बोलीतलेच. ‘गॉबस्मॅक्ट’ ब्रिटिश आणि अगदी घरगुती. ‘गॉब’ म्हणजे तोंड, ‘स्मॅक’ म्हणजे चापट. तो नोकरीच्या अर्जात किंवा परीक्षेच्या निबंधात लिहू नये. कोश त्यावर ब्रिटिश आणि अनौपचारिक अशी खूण करतो. ती खूण न वाचता पुढे जाणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई.

‘टेकन अबॅक’ची गंमत निराळी. हा शब्दप्रयोग शिडाच्या जहाजांवरून आला. वारा एकदम समोरून आला की शीड डोलकाठीवर मागे दाबलं जातं आणि जहाज जागीच अडतं. कोणाच्या बोलण्याने माणूस असा क्षणभर अडतो, त्याला आपण ‘चपापणं’ म्हणतो. म्हणून हा शब्द भेटवस्तू मिळाल्यावर नव्हे, तर कोणी अनपेक्षित तिखट बोललं किंवा भलताच प्रश्न विचारला तर वापरायचा.

‘शॉक्ड’पाशी मराठी माणूस हमखास घसरतो. आपल्याकडे ‘मी शॉकच झाले’ हे आनंदाच्या बातमीलाही चालतं. इंग्रजीत त्याचा ओढा वाईटाकडे, आपल्या ‘हबकणं’कडे. मैत्रिणीला शिष्यवृत्ती मिळाली आणि तुम्ही ‘आय वॉज शॉक्ड’ लिहिलंत, तर ती तिला मिळेल असं तुम्हाला वाटलंच नव्हतं, असा अर्थ निघू शकतो. तिथे ‘अमेझ्ड’ किंवा ‘थ्रिल्ड’ लिहा. ‘आय गॉट अ शॉक’ तर विजेच्या झटक्यालाही म्हणतात.

व्याकरणासाठी ‘सरप्राइझ्ड’च्या उदाहरणांतला ठळक भाग वाचा: पुढे ‘अ‍ॅट’ किंवा ‘बाय’, ‘टू सी’ किंवा ‘टू हिअर’, नाहीतर ‘दॅट’ घालून पूर्ण वाक्य. मराठीतल्या ‘मुळे’साठी ‘ड्यू टू’ घालायची सवय इथे सुटते. मात्र एक गोष्ट कोश ठसवून सांगत नाही. ‘व्हेरी सरप्राइझ्ड’ चालतं, पण ‘व्हेरी अस्टाउंडिड’ (अस्टाउंडिड म्हणजे अगदी थक्क) खटकतं, कारण ‘फार’ त्या शब्दातच भरलेलं आहे. अशा टोकाच्या शब्दांआधी ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ किंवा ‘कम्प्लीटली’ लावतात. उलट ‘अ‍ॅब्सोल्यूटली सरप्राइझ्ड’ कानाला बरं लागत नाही. तसंच, ज्याला आश्चर्य वाटतं तो ‘सरप्राइझ्ड’ आणि ज्याचं आश्चर्य वाटतं ते ‘सरप्राइझिंग’. ‘आय अ‍ॅम सरप्राइझिंग’ लिहिलं की अर्थच उलटतो.

उच्चार ऐकायची सोय चांगली आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही. शेवटच्या ‘ईडी’कडे कान द्या. ‘अस्टॉनिश’चा शेवट ‘श’ने होतो, म्हणून पुढे ‘ट’. ‘अमेझ’च्या ‘झ’नंतर ‘ड’. मूळ शब्दाच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तरच स्वतंत्र ‘इड’: फ्लॅबरगास्टिड, अस्टाउंडिड. ‘अस्टॉनिशेड’ हा उच्चार चूक. ‘डम्फाउंडिड’च्या लिखाणात ‘बी’ आहे, उच्चारात नाही.

उणिवाही आहेत. पानावर जाहिराती आहेत, मोबाइलवर त्या जास्त जाचतात. नोंदीखाली वापरातली जी जादा वाक्यं येतात, त्यांतली बरीच संदर्भाशिवाय तोडलेली वाटतात. नवशिक्याने ती सोडून व्याख्येखालचीच उदाहरणं घ्यावीत. शब्दांच्या मुळाची आवड असेल तर ऑक्सफर्डच्या विद्यार्थीकोशाचं संकेतस्थळ जोडीला ठेवा. ‘अस्टॉनिश’, ‘अस्टाउंड’ आणि ‘स्टन’ ही तिन्ही लॅटिनमधल्या मेघगर्जनेच्या धातूपर्यंत जातात हे एकदा कळलं की ‘थंडरस्ट्रक’ (वीज कोसळल्यासारखा थक्क) वेगळा पाठ करावा लागत नाही.

उद्गारांसाठी मात्र कोणताही कोश एकटा पुरत नाही. ‘गॉश’ हे ‘गॉड’चं सौम्य रूप. ‘ब्लायमी’ ब्रिटिश बोलीतलं, ‘देव मला आंधळा करो’ या शपथेतून झिजून आलेलं. ‘ओ माय गॉड’ धार्मिक घरांत आवडत नाही, तिथे ‘माय गुडनेस’ म्हणावं. आणि ‘यू डोन्ट से’ (‘असं होय!’) आज बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच ऐकू येतं. वरिष्ठांनी बढतीची बातमी सांगितली तर ते तोंडातूनही काढू नका, ‘रिअली? दॅट्स वंडरफुल’ एवढं पुरे.