ले सर्कल रूज: घोडे नसलेला वेस्टर्न

कोथरूडला मित्राकडे मोठ्या टीव्हीवर बघितला, १९७०चा फ्रेंच पिक्चर, जाँ-पियेर मेलव्हिलचा, सव्वादोन तासांच्या वर आहे आणि अजिबात घाई नाही, तेव्हा मोबाईल लांब ठेवूनच बसा. चोर-पोलिसांची गोष्ट, पण जीव सगळा वेस्टर्नचा. कमी बोलणारे पुरुष, दिलेला शब्द आणि बंदूक, फक्त घोड्याऐवजी मोठ्या गाड्या आणि वाळवंटाऐवजी थंडीतला फ्रान्स.

चिखलाच्या उघड्या माळावरचा सीन तर कहर आहे, इथे चोर झालेल्या आलँ देलाँच्या गाडीच्या डिकीत लपलेला फरार कैदी त्याच्यावरच पिस्तूल रोखून बाहेर येतो आणि हा शांतपणे त्याच्याकडे सिगरेटचं पाकीट फेकतो, झाली दोस्ती, भाषण नाही काही नाही. तो कैदी म्हणजे जिआन मारिया व्होलोन्ते, सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्नमधला व्हिलन, त्यामुळे अजूनच मजा येते. इव्ह मोंताँ दारूने वाया गेलेला माजी पोलीस, पण नेम असा की ऐन वेळी स्टँडवरची रायफल उचलतो आणि हातानेच गोळी घालतो, इथे आम्ही शिट्टी मारली. पॅरिसच्या दागिन्यांच्या दुकानातली चोरी साधारण पंचवीस मिनिटं चालते, डायलॉग जवळपास शून्य, आणि तरी कोणी चहाला उठलं नाही (पुण्यात!).

बायकांना कामच नाही, ते खटकलं. मांजरी पाळणारा इन्स्पेक्टर म्हणजे बूरविल, तिकडचा मोठा कॉमेडियन, इथे एकदम गंभीर. पिक्चर लागायच्या आधीच गेला बिचारा. सबटायटल्स चालत असतील तर नक्की बघा, साडेचार स्टार.