दहा बाय बाराच्या हॉलसाठी रिसीव्हर: यामाहा आरएक्स-व्ही३८५

रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन होम थिएटरचे सगळे स्पीकर चालवणारा डबा, घ्यायला लॅमिंग्टन रोडला दोन शनिवार फिरलो, एक दुकानदार ७.२ (सात स्पीकर, बासचे दोन सबवूफर) च घ्या म्हणून मागेच लागला होता, पण आमचा दादरचा हॉल जेमतेम दहा बाय बारा, तिथे मागचे जादा स्पीकर लावणार कुठे? म्हणून हा ५.१ चा (पाच स्पीकर, एक सबवूफर) घेतला आणि मनापासून खूश आहे. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज येतो तो डॉल्बीचा प्रकार) नाहीये, ते हवंच असेल तर हा घेऊ नका.

सेटअपला सोबतचा माइक (त्यातून स्पीकरचा आवाज ऐकून रिसीव्हर स्वतःच सेटिंग करतो) सोफ्यावर उशा रचून बरोब्बर कानाच्या उंचीला ठेवला, पंखा बंद केला, तर नेमकी मधेच कुकरची शिट्टी झाली आणि सगळं परत करावं लागलं. नंतर मेनूत बघितलं तर माझे छोटे बुकशेल्फ स्पीकर त्याने 'लार्ज', म्हणजे खोल बासही पेलणारे, धरलेले. ते स्मॉल केले, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवला आणि काय सांगू, संवाद एकदम स्वच्छ ऐकू यायला लागले, आई आता आवाज वाढव म्हणतच नाही!

टीव्हीचा आवाज येत नसेल तर केबल एआरसीच्याच (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या) पोर्टला आहे ना बघा, आणि रिसीव्हरमधलं एचडीएमआय कंट्रोल ऑन करा. ब्लूरे प्लेअर मात्र डायरेक्ट रिसीव्हरलाच जोडा, लॉसलेस (काहीही न गाळलेला) आवाज एआरसीतून येत नाही.