एकच निकष की गुणांची बेरीज? रॅपिड रिस्पॉन्स टीमला कधी बोलवायचं

रॅपिड रिस्पॉन्स टीम म्हणजे वॉर्डातल्या पेशंटची तब्येत अचानक बिघडली की धावून येणारं तज्ज्ञांचं पथक. टीममध्ये कोण असावं यावर बैठकांमागून बैठका होतात. वॉर्डातून फोन नेमका कधी करायचा, हे मात्र घाईत ठरतं. पर्याय मुख्यतः दोन.

पहिल्यात एक मर्यादा ओलांडली की थेट फोन: श्वास मिनिटाला 30 च्या वर, नाडी 130 च्या वर, वरचं बीपी 90 च्या खाली, रक्तातला ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली, किंवा पेशंट अचानक सुस्त. आकडे रुग्णालयागणिक थोडे बदलतात. दुसरा पर्याय ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा 2017 चा न्यूज-2 तक्ता. श्वास, नाडी, बीपी अशा नोंदींना बिघाडानुसार गुण द्यायचे. बेरीज 5 झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, 7 झाली की टीम.

फरक इथे दिसतो. श्वास 23, बाहेरून ऑक्सिजन न देता 94 टक्के, नाडी 112, बीपी 105, ताप 38.4 सेल्सिअस, पेशंट पूर्ण शुद्धीत. पहिल्या पद्धतीत एकही मर्यादा ओलांडलेली नाही, फोन जात नाही. न्यूज-2 मध्ये 2+1+2+1+1, म्हणजे 7. सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) अनेकदा असाच येतो, सगळीकडे थोडं-थोडं बिघडत.

पण बेरजेचा भरवसा नोंदींवर. श्वास न मोजता सरसकट 18 लिहिला (हे सर्रास चालतं) तर वरचेच 7 गुण 5 होतात. पूर्ण 60 सेकंद मोजायला हवं. सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) ज्या पेशंटचं ऑक्सिजनचं लक्ष्य डॉक्टरांनी 88 ते 92 टक्के ठरवलंय, त्याला तक्त्यातली ऑक्सिजनच्या गुणांची दुसरी पट्टी लावायची. ऑक्सिजन चालू असताना 89 टक्के आले, तर पहिल्या पट्टीवर 3 आणि ऑक्सिजन चालू असल्याचे 2, एकूण 5. दुसऱ्या पट्टीवर फक्त 2. चुकीच्या पट्टीमुळे उगाच फोन वाजत राहिले की टीम ते मनावर घेईनाशी होते. गरोदर स्त्रिया आणि 16 वर्षांखालच्यांसाठी हा तक्ता नाही.

रात्री एका नर्सकडे खूप पेशंट असतील आणि बेरीज हातानेच करायची असेल, तर आधी एकच निकष. दर चार-सहा तासांनी पूर्ण नोंदी होत असतील, तर न्यूज-2. ‘नर्सला काळजी वाटते’ हे कारण दोन्हीकडे ठेवा, आणि फोन थेट टीमला जाऊ द्या. आधी ज्युनियर, मग सीनियर अशा साखळीत अर्धा तास सहज जातो.