मायलोमा, मोडलेली मांडी आणि एअर मॅट्रेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

आईला मल्टिपल मायलोमा आहे. प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग अस्थिमज्जेत वाढतो. हाड झिजवणाऱ्या पेशींना तो जोर देतो आणि हाड भरणाऱ्या पेशींना दाबून ठेवतो. त्यामुळे तिच्या मांडीचं हाड पडून नाही, नुसतं कुशीवर वळताना मोडलं. आत रॉड टाकून घरी आणलं तेव्हा पाठीचा एक मणकाही दबलेला होता आणि प्लेटलेट, हिमोग्लोबिन दोन्ही खाली. तेव्हापासून बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी पंपावर चालणारी एअर मॅट्रेस वापरतो आहोत. अशा रुग्णासाठी ती घ्यावी का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. घ्या, पण कूस बदलण्याचं काम तिच्यावर सोपवू नका. मॅट्रेस फक्त दाबाची जागा बदलते, माणसाला वळवत नाही. आणि या आजारात माणसाला कसं वळवता, यावरच सगळं अवलंबून आहे.

सुरुवातीला बुडबुड्यांची साधी मॅट्रेस होती. ती एका ठिकाणी फुटली की सगळीच बसते. नंतर आडव्या नळ्यांची आणली. तिची एक नळी गेली तर तेवढीच बदलता येते आणि आईचं वजनही ती नीट पेलते. नळ्या आळीपाळीने भरतात आणि रिकाम्या होतात, म्हणून एकाच जागी सतत दाब राहत नाही. पंपावर वजनाप्रमाणे दाब ठरवायचं बटण असतं, पण त्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. आई झोपलेली असताना मॅट्रेसखालून माकडहाडाच्या जागी तळहात सरकवून बघा. हात आणि शरीर यांच्यात निदान इंचभर फुगलेला भाग जाणवला पाहिजे. हाताला थेट हाड लागलं, तर ती मॅट्रेस काहीच करत नाही. वर एकच पातळ सुती चादर हवी. गोधडी, रबरी कापड, पुन्हा चादर असे थर घातले की हवेचा उपयोग जातो आणि घाम मात्र साचतो.

आता हाताळणीबद्दल. एअर मॅट्रेसइतकंच श्रेय मी एका साध्या, दुमडलेल्या चादरीला देईन. खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत येईल अशी ती आईच्या अंगाखाली कायम असते. वर सरकवायचं झालं की दोघांनी दोन बाजूंनी तिच्या कडा घट्ट गुंडाळून धरायच्या आणि उचलून सरकवायचं. फरफटत ओढायचं नाही. ओढल्यावर वरची कातडी जागेवर राहते आणि आतलं मांस सरकतं. प्लेटलेट कमी असताना तेवढ्यानेही मोठा काळानिळा डाग पडतो. काखेत हात घालून उचलणं तर पूर्ण बंद, कारण मायलोमात दंडाचं हाड आणि बरगड्याही पोकळ झालेल्या असू शकतात. आई नव्या माणसाला आधीच बजावते, "अगं, हाताला धरू नकोस, चादरीला धर." वळवताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची आणि खांदे व कंबर एकदमच वळवायची. पाठीला पीळ बसता कामा नये. पूर्ण नव्वद अंशांत कुशीवर न घालता पाठीमागे उशी लावून तीस अंशांवर तिरकं ठेवतो, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. ड्रेसिंगसाठी येणाऱ्या सिस्टरने हे सगळं आम्हाला हात धरून शिकवलं. दिवसा साधारण दोन-दोन तासांनी कूस बदलतो. टाचांना मॅट्रेसचा फारसा फायदा होत नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवाव्याच लागतात.

त्वचा बघणं हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याबद्दल फारसं कुठे लिहिलेलं दिसत नाही. लाल जागेवर बोट दाबून सोडायचं. ती फिकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त खेळतं आहे. फिकी झाली नाही तर दाबाची जखम सुरू झाली, असं शिकवतात. पण प्लेटलेट कमी झाल्यावर अंगावर उठणारे टाचणीच्या टोकाएवढे लालजांभळे ठिपकेही दाबल्यावर फिके होत नाहीत. म्हणून जागा बघा. माकडहाड, खुबा, टाच अशा हाडाच्या उंचवट्यावर एकसंध लाली असेल तर संशय दाबाचा. नडग्या, पोट, तोंडाच्या आत असे ठिपके विखुरलेले दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं का ते बघावं. पांढऱ्या पेशी खूप कमी असताना जखमेत पू धरत नाही, सूजही बेताची असते. कधी कधी ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजून लिहायचा, नाहीतर गोळी तो झाकून टाकते. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसला की सकाळपर्यंत थांबायचं नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घरात ठेवतच नाही. मायलोमात मूत्रपिंड आधीच धोक्यात असतं, शिवाय त्या प्लेटलेटचं कामही बिघडवतात.

मॅट्रेसचे तोटेही आहेत. तिची उंची वाढल्यामुळे पलंगाचे कठडे ठेंगणे पडतात. कडेला बसवताना ती हलते. फिजिओथेरपीच्या वेळी स्थिर दाबावर ठेवली तरच आईला बसताना धीर येतो. केमोथेरपीमुळे तिच्या पावलांना बधिरपणा आहे, त्यामुळे हा मुद्दा आमच्यासाठी छोटा नाही. वीज गेली की हवा हळूहळू उतरते, अशा वेळी कूस लवकर लवकर बदलावी लागते. पंपाच्या आवाजाची मात्र सवय झाली.

मणक्याचा फ्रॅक्चर अस्थिर असेल तर ही मॅट्रेस स्वतःच्या मनाने अजिबात घालू नका. खालचा आधार सतत हलता असणं अशा पाठीला धोक्याचं ठरू शकतं. आमच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून परवानगी दिल्यावरच ती पलंगावर आली. पायांतली ताकद अचानक कमी होणं, कमरेखाली बधिर वाटणं, लघवी अडकणं यांपैकी काहीही झालं तर थेट इस्पितळ गाठायचं, असंही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. तहान वाढणं, बद्धकोष्ठता, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर कॅल्शियम तपासतात, कारण हाडातून सुटलेलं कॅल्शियम रक्तात साठतं.

आजवर आईला एकही बेडसोर झालेला नाही. आता ती वॉकर धरून खोलीत चार पावलं टाकते, तरी रात्री मॅट्रेस चालूच असते. तुम्ही वापरलेली घेणार असाल तर पंप रात्रभर चालवून सकाळी नळी न् नळी हाताने दाबून बघा. जोडांपाशी कान लावून हवा सुटते का तेही ऐका. आणि वरचं आवरण धुता येण्यासारखं असेल तरच घ्या.