स्थानकागणिक प्रवाशांचा हिशेब : ब्रिटनच्या एका वार्षिक तक्त्याचे परीक्षण

ब्रिटनमधील रेल्वेवर देखरेख ठेवणारी 'ऑफिस ऑफ रेल अँड रोड' ही नियामक संस्था दरवर्षी, साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील मुख्य रेल्वेजाळ्यावरच्या प्रत्येक स्थानकात एप्रिल ते मार्च या वर्षात किती प्रवाशांची ये-जा झाली, याचा अंदाज प्रसिद्ध करते. अडीच हजारांहून अधिक स्थानकांचा हा तक्ता क्रमांक १४१० कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो, आणि १९९७-९८ पासूनची मालिका तक्ता क्रमांक १४१५ मध्ये मिळते. त्या मालिकेत २००३-०४ हे वर्ष मात्र रिकामे आहे. सरकारी आकडेवारीचे परीक्षण लिहिण्याची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही एखादी गोष्ट दरवर्षी नव्याने बाजारात येत असेल, तिचा वापर नियोजनकारांपासून हौशी भटक्यांपर्यंत सगळे करीत असतील आणि तिच्या आधारे स्थानके राखावीत की बंद करावीत यावर वाद झडत असतील, तर तिची पारख एखाद्या यंत्राइतकीच काटेकोरपणे व्हायला हवी.

आधी तिच्या गुणांविषयी. प्रत्येक स्थानकाची एक ओळ, आणि त्या ओळीत ये-जा करणाऱ्यांची संख्या, तिची पूर्ण भाड्याची, सवलतीची आणि पासाची अशी विभागणी, मोठ्या स्थानकांवर तेथेच गाडी बदलणाऱ्यांचा वेगळा आकडा, मागच्या वर्षीची संख्या आणि टक्केवारीतील फरक, एवढे सारे शेजारी शेजारी मांडलेले असते. मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो मोठ्या चढ-उतारांचे कारण नोंदवणारा रकाना. जेथे संख्या अनपेक्षितपणे वाढली किंवा कोसळली तेथे नवे वेळापत्रक, रुळांचे काम, शेजारी उघडलेले नवे स्थानक किंवा मोजणीच्या पद्धतीतील बदल असे जे कारण सापडले असेल ते थोडक्यात लिहिलेले असते. आकडे देणारे पुष्कळ असतात, पण 'हा आकडा असा का दिसतो' हे त्याच ओळीत सांगण्याची तसदी फार थोडे घेतात.

मोठ्या स्थानकांच्या बाबतीत हा तक्ता आपले काम चोख बजावतो. लंडनचे वॉटर्लू स्थानक कित्येक वर्षे देशात पहिले होते आणि २०१५-१६ मध्ये तेथील ये-जा ९.९ कोटींच्या घरात पोहोचली होती. २०१९-२० मध्ये ती ८.६९ कोटींवर आली. ही उतरण महामारीची म्हणून सांगितली जाते, परंतु त्या वर्षातले महामारीचे दिवस मार्चच्या अखेरीस जेमतेम काही आठवडे होते, आणि डिसेंबर २०१९ मध्ये वॉटर्लूला येणाऱ्या गाड्यांवर २७ दिवसांचा संप झाला होता, हे विसरून चालत नाही. पुढच्या वर्षी देशभरातील रेल्वेप्रवास सुमारे १७४ कोटींवरून ३८.८ कोटींवर आला, आणि पहिला क्रमांक १.४ कोटी ये-जा नोंदवणाऱ्या पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्डने घेतला. त्या वर्षीची क्रमवारी या तक्त्याच्या इतिहासातली सर्वांत बोलकी म्हणावी लागेल. कचेऱ्यांत काम करणारे घरी बसले, तेव्हा ज्यांचे काम घरून होणारच नव्हते त्यांची स्थानके आपोआप वर आली.

त्यानंतरचा मोठा फेरबदल २४ मे २०२२ रोजी सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनने, म्हणजे लंडनला पूर्व-पश्चिम छेदणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाने, घडवला. २०२२-२३ मध्ये लंडनचेच लिव्हरपूल स्ट्रीट स्थानक ८.०४ कोटींसह पहिले आले, २०२३-२४ मध्ये ते ९.४५ कोटींवर गेले आणि २०२४-२५ मध्ये ९.८ कोटींपर्यंत पोहोचले. दरम्यान २०२३-२४ मध्ये वॉटर्लू ६.२५ कोटींसह चौथ्या क्रमांकावर घसरले होते. पॅडिंग्टन आणि टॉटनहॅम कोर्ट रोड ही नव्या मार्गावरची दोन्ही स्थानके त्याच्या पुढे गेली. येथे वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. लिव्हरपूल स्ट्रीटच्या ओळीत जुन्या स्थानकाचे आणि त्याच्या पोटातून जाणाऱ्या एलिझाबेथ लाइनचे प्रवासी एकत्र धरलेले आहेत, त्यामुळे तेथील वाढ म्हणजे तितकीच नवी माणसे रेल्वेकडे वळली असा अर्थ काढता येत नाही. त्यांतले बरेच जण पूर्वीही याच शहरात जमिनीखालून प्रवास करीत होते, फक्त ते या तक्त्याच्या कक्षेबाहेरच्या भुयारी मार्गांवर होते.

आता या तक्त्याच्या मूळ स्वभावाकडे वळू, कारण त्याच्याविषयीचे बहुतेक गैरसमज तेथेच जन्मतात. बहुतेक स्थानकांच्या बाबतीत हा हिशेब दारातून गेलेल्या माणसांचा नसून मुख्यतः विकल्या गेलेल्या तिकिटांचा आहे, आणि 'अंदाज' हा शब्द त्याच्या नावातच घातलेला आहे. लंडनला जाणाऱ्या तिकिटावर बहुधा एकाच स्थानकाचे नाव नसते, 'लंडन टर्मिनल्स' एवढेच असते. मग ती संख्या वेगवेगळ्या स्थानकांवर वाटून द्यावी लागते. पासधारक महिन्यात खरोखर किती वेळा गेला हे पास सांगत नाही, म्हणून साप्ताहिक पासाला १०.३ आणि वार्षिक पासाला ४८० प्रवास असा ठोकताळा बराच काळ वापरला गेला. आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत जाण्याच्या काळात तो खपून जाई, आठवड्यातून दोन-तीन दिवस जाणाऱ्यांना मात्र तो लागू पडत नाही. सुदैवाने असे प्रवासी पास घेणेच सोडू लागले, आणि एकूण प्रवासातील पासांचा वाटा महामारीपूर्वीच्या निम्म्याहूनही खाली गेला, त्यामुळे ही चूक आपोआप आकसली. उलट दुसरी एक चूक वाढते आहे. लांबच्या प्रवासाचे एक तिकीट महाग पडते म्हणून मधल्या स्थानकापाशी तोडून दोन तिकिटे काढण्याची युक्ती आता सर्वांना ठाऊक झाली आहे. असा प्रवासी मधल्या स्थानकावर जागचा हलतही नाही, तरी तक्त्यात तो तेथे उतरून पुन्हा चढलेला दिसतो.

लहान स्थानकांकडे आलो की ही सारी गृहीतके भिंगाखाली ठेवल्यासारखी दिसू लागतात. 'सर्वांत कमी वापराचे स्थानक' म्हणून दरवर्षी जे आकडे गाजले ते पाहा : २०१५-१६ मध्ये शिपिया हिल १२, २०१९-२० मध्ये बर्नी आर्म्स ४२, २०२१-२२ मध्ये एल्टन अँड ऑर्स्टन ४०, २०२२-२३ मध्ये टीसाइड एअरपोर्ट २, आणि २०२३-२४ मध्ये डेंटन ५४. सगळे आकडे सम आहेत. गेलेला प्रवासी परत आलाच असेल, असे धरून चालल्याची ही खूण आहे. डेंटनचे ५४ म्हणजे वर्षभरात ५४ माणसे नव्हेत, तर जाऊन-येऊन केलेल्या सुमारे २७ फेऱ्या. शिवाय प्रदेशभर फिरण्याचा पास घेऊन किंवा पुढच्या स्थानकाचे तिकीट काढून कोणी अशा फलाटावर उतरला, तर तो या रकान्यात नेमका सापडेलच याची खात्री नसते.

त्यातली गंमत अशी की, हा तक्ता ज्याला सर्वांत ओसाड ठरवतो ते स्थानक ओसाड राहत नाही. केंब्रिजशरमधील शिपिया हिलचा १२ हा आकडा जाहीर झाल्यावर त्याची इतकी चर्चा झाली की २०१६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तेथे मुद्दाम उतरणाऱ्यांसाठी खाऊचा पाहुणचार ठेवण्यात आला, आणि २०१६-१७ ची नोंद १५६ वर गेली. टक्केवारीत मांडले तर ही १२०० टक्क्यांची वाढ होते, आणि म्हणूनच तळाच्या शंभरएक ओळींत टक्केवारीचा रकाना मी झाकूनच वाचतो.

मोजमापाची ही सारी दुखणी संस्था स्वतःच मोकळेपणाने सांगते, त्यामुळे त्यांबद्दल माझी मोठी तक्रार नाही. माझा खरा आक्षेप जे छापलेच जात नाही त्याबद्दल आहे. त्या स्थानकावर वर्षभरात गाड्या किती थांबल्या, हा रकाना या तक्त्यात नाही. स्थानकावरील प्रवासी घटले असे वाचले की लोकांनी रेल्वेकडे पाठ फिरवली, असे चित्र मनात उभे राहते, प्रत्यक्षात पुष्कळदा आधी गाडीने स्थानकाकडे पाठ फिरवलेली असते. कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ह्जला जाणाऱ्या फाट्यावर लेलंट सॉल्टिंग्ज नावाचे स्थानक आहे. मोटारी उभ्या करून पुढे गाडीने जाण्याची सोय तेथे होती, तोवर ते गजबजलेले असे. जून २०१९ मध्ये ती सोय सेंट अर्थला हलवली गेली, लेलंट सॉल्टिंग्जला दिवसातून प्रत्येक दिशेने एकच गाडी उरली आणि त्याच्या वाटच्या गाड्या शेजारच्या लेलंटला थांबू लागल्या. ओळीतील कोसळलेली संख्या हा प्रवाशांचा कौल नव्हता, तो वेळापत्रकातला निर्णय होता. सॅम्पफर्ड कोर्टनीला २०२०-२१ मध्ये शून्य प्रवासी नोंदले गेले. तेथे उन्हाळ्यातल्या रविवारीच गाडी थांबत असे आणि त्या वर्षी ती धावलीच नाही. कारणांचा रकाना अशा ठिकाणी थोडीफार भरपाई करतो, पण तो बदल झालेल्या वर्षापुरता. ज्या स्थानकाला वर्षानुवर्षे जेमतेम गाडी मिळते त्याच्या ओळीत सांगण्यासारखे 'कारण' दरवर्षी नव्याने घडत नाही, आणि मग नुसती तुटपुंजी संख्या तेवढी उरते.

थांबलेल्या गाड्यांचा रकाना असता तर तळाची क्रमवारीसुद्धा उलटीपालटी झाली असती. स्टॉकपोर्ट ते स्टेलीब्रिज या मार्गावर शनिवारी सकाळी प्रत्येक दिशेने एक, एवढीच गाड्यांची ये-जा असल्याने डेंटनला वर्षात शंभरच्या आसपास गाड्या थांबतात, आणि २०२३-२४ च्या ५४ या आकड्याला त्यांनी भागले तर दर दोन गाड्यांमागे साधारण एक नोंद येते. नॉटिंगहॅमशरमधील एल्टन अँड ऑर्स्टनला रविवार सोडून रोज दोन्ही दिशांच्या मिळून दोन, म्हणजे वर्षात सहाशेच्या आसपास गाड्या मिळतात. २०२४-२५ मध्ये ६८ या संख्येसह सर्वांत कमी वापराचे स्थानक म्हणून त्याचे नाव झाले, आणि तेथे साधारण नऊ गाड्या गेल्या तेव्हा कुठे एक नोंद झाली.

ज्याला एखाद्या मार्गाचा, शहराचा किंवा दहा-वीस वर्षांचा कल पाहायचा आहे त्याला मी हा तक्ता निःसंकोच सुचवीन. इतक्या खोलात जाणारी, इतकी जुनी आणि आपल्या उणिवा स्वतःच सांगणारी मोजदाद क्वचितच फुकट मिळते. एका लहान स्थानकाच्या भवितव्याचा निर्णय ज्याला घ्यायचा आहे, त्याने मात्र १४१५ मधली त्या स्थानकाची सगळी वर्षे उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक वर्षापुढे त्या वेळच्या वेळापत्रकातील थांबे हाताने मोजून लिहावेत. एका स्थानकापुरते हे एका संध्याकाळचे काम आहे.